नावाची अट

बडोद्याला जाऊन आलो. आमच्या कुर्डुवाडीतून तिकडं फारसं कुणी जात नाही, आणि गेलं तरी येऊन कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. मी चौथी पास आहे. हे कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. अक्षर माझं आणि चुका असल्या तर त्याही माझ्याच, कुणी दुरुस्त करायला जाऊ नये.

गाडीतलं काही सांगत नाही. बसलो आणि उतरलो, एवढंच.

बडोदं मला नवीन नाही. तरुणपणी मी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होतो. तिथल्याच क्वार्टरमध्ये संसार मांडला, आमची एकुलती शैला तिथंच झाली. पुढं आईवडील थकले म्हणून बदली मागून कुर्डुवाडीला आलो. शैलाला स्थळ मात्र बडोद्याचंच मिळालं. म्हणजे मी बडोदं सोडलं आणि बडोद्यानं माझी मुलगी ठेवून घेतली. आमची मंडळी वारल्यापासून माझं तिकडं जाणं झालं नव्हतं. यंदा शैलाचा फोन आला, "अण्णा, माझं एक काम अडलंय, ते तुमच्याशिवाय होणार नाही." असं म्हटल्यावर मी कुठं थांबतोय!

गोत्री

स्टेशनाबाहेर आलो आणि रिक्षावाल्याला ठेवणीतली गुजराती काढून दाखवली. "भाई, गोत्री जवानुं छे. धीमे हांकजो." त्यानं वळून बघितलं आणि म्हणाला, "काका, मराठीत सांगा ना. मी अमळनेरचा." माझी सगळी तयारी वाया. वर त्यानं मला वेगळ्याच सोसायटीच्या दारात उतरवलं. तिथल्या म्हाताऱ्यानं झोपाळ्यावर बसवून पाणी पाजलं, "कोना घेर जवानुं?" म्हणून विचारलं, आणि स्वतः स्कूटरवर बसवून शैलाच्या दारात सोडलं. आपल्याकडं पत्ता विचारला तर लोक हात करून दाखवतात, तिथं आधी पाणी पाजतात. हा फरक पूर्वीही होता, अजून आहे. बरं वाटलं.

आमच्या वेळी गोत्री म्हणजे शेतं आणि बाभळी. सायकलवरून तिकडं जायचं म्हणजे भाकरी बांधून घ्यायची. आता घराला घर लागलंय. जावईबापू प्रकाशराव कोयलीच्या रिफायनरीत असतात, त्यांची शिफ्ट चालू होती. शैलानं जेवायला वाढलं. पहिलाच घास घेतला आणि विचारलं, "वरणात गूळ कुणी टाकला?"

"अण्णा, इथं टाकतात."

"तुझी आई नव्हती टाकत."

"आई पण टाकायची. तुमचं वरण आधी बाजूला काढायची."

मी उरलेलं वरण संपवलं.

शैला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. जेवणानंतर तिनं काम सांगितलं. मला समजलं तसं सांगतो. कॉम्प्युटरनं काय करायचं ते त्याला लिहून द्यावं लागतं, त्या लिखाणाला सॉफ्टवेअर म्हणतात. काही लोक ते लिहून कुलपात ठेवतात. काही लोक उघडं ठेवतात आणि म्हणतात, घ्या, वापरा, उघडून बघा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या. फक्त आमच्या एवढ्या अटी पाळा. त्या अटींचा कागद म्हणजे परवाना. तो इंग्रजीत असतो. शैला आणि तिचे सोबती मिळून तो मराठीत आणि गुजरातीत करत होते. रविवारी सगळे शैलाकडं बसून तो पक्का करणार होते.

"मग मराठी कागद कोर्टात चालेल?" मी विचारलं.

"नाही. कोर्टात इंग्रजीच धरणार. मराठी समजण्यापुरतं."

"म्हणजे मराठी नुसती शोभेला?"

"अण्णा, ज्याला देतोय त्याला काय देतोय ते कळायला नको का?"

हे पटलं, पण तसं बोललो नाही.

गुजरातीचं काम धर्मेशभाई करत होते. हे शैलाच्याच कॉलेजात शिकवतात. त्यांची गंमत शैलानं हसत हसत सांगितली. इंग्रजीत 'फ्री' शब्द आहे. धर्मेशभाईंनी शब्दकोश उघडला, त्यात फ्रीपुढं पाच-सहा गुजराती शब्द, त्यातला त्यांनी 'नवरुं' उचलला. गुजरातीत नवरो म्हणजे ज्याला कामधंदा नाही, रिकामा बसलाय तो. बडोद्यात नव्यानं आलेल्या मराठी बाईला शेजारीण विचारते, "बेन, नवरां छो?" आणि ही बिचारी लाजते. तर धर्मेशभाईंचा परवाना पहिल्याच ओळीत म्हणत होता, की हे सॉफ्टवेअर रिकामटेकडं आहे. आणि शैलाच्या सासूबाईंनी तो कागद मराठी समजून वाचला, तर सॉफ्टवेअरचं लग्नच लागलं!

मी पुष्कळ हसलो. मग शैलानं तिचा मराठी कागद पुढं केला. तिथं फ्रीला 'मुक्त' लिहिलं होतं.

"मुक्त कशाला? मुक्त झाला म्हणजे माणूस गेला. फुकट लिही."

"फुकट नाही अण्णा. पैशाचा प्रश्नच नाही यात. पैसे घेऊनही देता येतं. मोकळीक आहे, ती महत्त्वाची."

"फुकटच बरोबर आहे."

"नाही."

मी अजूनही म्हणतो फुकट बरोबर आहे. पण कागद तिचा.

मग विचारलं, "मला कशाला बोलावलंस? तुमच्यात एवढे शिकलेले आहेत."

तर म्हणाली, "तेच अडतंय. आम्हाला सगळ्यांना इंग्रजी आधीच पाठ आहे. त्यामुळं मराठी चुकली तरी आम्हाला बरोबरच वाटते. तुम्ही मोठ्यानं वाचा. जिथं अडखळाल तिथं आमचं चुकलं."

"म्हणजे मी अडाणी म्हणून."

"तसं नाही अण्णा. कोरं कुणीतरी हवं."

कोरं! एवढा प्रवास करून मला कोरं ठरवायला बोलावलं. राग आला. तरी वाचायला घेतलं, कारण वाचता येतं हे दाखवायचं होतं. दुसऱ्याच अटीत असं होतं: 'दुसऱ्याला देताना मूळ कर्त्याचे नाव काढता येणार नाही.' मी कागद खाली ठेवला.

"ही अट खोटी आहे."

"खोटी कशी?"

"जग नावं ठेवतं, नाव ठेवत नाही. माझी शेगडी विसरलीस?"

शेगडीचं सांगायला हवं. प्रतापनगरला आमच्या लाइनीत सगळ्यांकडं कोळशाची शेगडी होती. वखारीत लाकडाचा भुसा मात्र ढिगानं पडायचा, कुणी विचारत नसे. मी तेलाच्या रिकाम्या डब्याची भुशाची शेगडी केली. तशा शेगड्या दुसरीकडंही होत्या, पण माझ्या शेगडीला खाली हवेच्या भोकावर सरकती झडप होती. आच कमी-जास्त करता यायची. अख्ख्या लाइनीनं ती झडप बघून बघून केली. कुणी विचारायलाही आलं नाही. मी बदलून गेलो, आणि माझं, म्हणजे शेलारचं, नाव कुणी घेतलं असेल असं मला वाटत नव्हतं. इतकी वर्षं मनात होतं, ते त्या दुपारी तोंडातून निघालं.

शैला म्हणाली, "तुम्हाला नाव घेण्याचं कधीपासून एवढं? आई सांगायची, लग्नात घास भरवताना सगळे 'नाव घ्या, नाव घ्या' म्हणून बसले होते, आणि तुम्ही तोंड मिटून बसलात. शेवटी जिलबी गार झाली."

"बायकोचं नाव घ्यायचं आमच्या घरात वळण नव्हतं."

"बरं. मग पैज लावा. उद्या प्रतापनगरला जाऊ. शेगडी कुणाची म्हणून विचारू. तुमचं नाव निघालं तर रविवारी सगळ्यांसमोर पूर्ण कागद वाचायचा. नाही निघालं तर वाचू नका. मी परत म्हणणार नाही, कागद तसाच पुढं जाईल."

लागली पैज.

प्रतापनगर

निघताना शैलानं वाटेत सेवउसळ खायला घातली. ही बडोद्याची खास वस्तू. आपलीच उसळ, पण तिकडं जाऊन तिनं वेश बदललाय. वाटाण्याचा पातळ रस्सा, वर मूठभर जाड शेव, पातीचा कांदा, बाजूला पाव, आणि तरी वेगळ्या भांड्यात. पाहिजे तेवढी आपण घालून घ्यायची. आमच्याकडं तरी वाढपी घालतो, आणि जास्त मागितली तर तोंडाकडं बघतो. मी जोर करून तीन पळ्या घातल्या. ठसका लागला, नाकातून पाणी आलं. गाडीवाला म्हणाला, "काका, धीमे धीमे. उसळ क्यांय भागी नथी जती." उसळ पळून जात नाही म्हणे! रुमालानं नाक पुसलं आणि संपवली. परत मागून थोडी घेतली.

कारखान्याचं फाटक बघितलं आणि पाय जागीच थांबले. पूर्वी सकाळचा भोंगा झाला की इथं सायकलींची नदी वाहायची. घंट्या, पायडलांचा आवाज, डब्यातल्या कांद्याचा वास. डभोईकडं जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकून आमची मंडळी कुकर नसलेल्या दिवसांत भात उतरवायची, घड्याळ लागायचं नाही. आता स्कूटरी जास्त. एक जण सायकल हातात धरून चालला होता. मी उगाच त्याच्याकडं बघून मान हलवली. त्यानंही हलवली. ओळख ना देख.

आमच्या क्वार्टरच्या दारात दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. लिंब होता तो मात्र तिथंच. शैला म्हणाली, "इथून पडले होते मी." मी म्हणालो, "पडली नाहीस, उडी मारलीस, आणि आईला सांगितलंस पडले." दोघंही थोडा वेळ लिंबाखाली उभे राहिलो.

हंसाबेन आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. नवरा निवृत्त झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडून मागच्या गल्लीत घर केलंय. आता चांगल्याच वाकल्यात. दारात उभं राहिलो तर डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या.

"कोण, शैली? आव, आव. अने आ कोण?"

शैला काही बोलली नाही, मुद्दाम.

"अरे! आ तो सुशीलाबेनना ए!"

सुशीलाबेनचे 'हे' म्हणे! आमच्या मंडळींचं नाव मी कितीतरी वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकलं. मी म्हणालो, "हंसाबेन, मला नाव नाही का?"

"छे ने. शेलारभाई. पण बोलावतां तो एम ज ने!" म्हणजे लाइनीत मला हाक तीच.

पाणी झालं, चहा झाला, माझ्या गुडघ्यांची आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. माझं लक्ष अंगणाच्या कोपऱ्याकडं होतं. तिथं एक शेगडी होती. तेलाच्या डब्याची, खाली सरकती झडप. घरात गॅस असूनही थंडीत अंघोळीचं पाणी त्यावरच तापतं म्हणाल्या. मी उठलो, जवळ गेलो, झडप बोटानं सरकवली. डबा नवा होता, पण झडप तीच, माझ्या हिशेबाची.

"शैले, बघ. माझी शेगडी."

हंसाबेन ओट्यावरून म्हणाल्या, "तमारी शानी? ए तो सुशीलाबेननी सगडी."

"पत्रा कुणी कापला? ही झडप कुणी केली?"

"पत्रो तमे काप्यो, ना कोण पाडे छे? पण तमारी सगडी पेटती'ती क्यां? धुमाडो, धुमाडो! आखी लाइन खांसती'ती. मारी सासुनो साडलो बळ्यो ने तमने कहेवा आवी, तो तमे शुं बोल्या? 'में कंई गॅरंटी नथी आपी.'"

सासूची साडी जळली आणि मी म्हणालो होतो, गॅरंटी कुठं दिली होती! शैला तोंडाला पदर लावून हसत होती.

मग हंसाबेननी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या पाळीला गेलो की आमची मंडळी एकेका घरी जायची. भुसा कोरडा भरायचा नाही, पाण्याचा हात लावून ओलसर करायचा. मधोमध लाटणं उभं धरायचं, भोवती भुसा ठासून भरायचा, मग लाटणं फिरवत फिरवत वर काढून घ्यायचं. मध्ये नळी तयार होते. तिथून आच सरळ वर चढते, धूर होत नाही. हे तिनं स्वतः करून करून शोधलं होतं, आणि घरोघर शिकवत फिरली. आमच्या घरी शेगडी बिनधुराची पेटायची, आणि मी समजायचो झडपेचा गुण.

"अने आ पाया," हंसाबेननी काठीनं दाखवलं, "मारा भरते नाख्या." शेगडीला खाली लोखंडाचे पाय होते. मुलानं जोडलेले, फरशी तडकू नये म्हणून. भरतनं केले हेही त्या न विसरता सांगत होत्या.

एवढ्यात शेजारची सून राख मागायला आली, भांडी घासायला. शैलानं तिला विचारलं, "ही कसली शेगडी गं?" ती म्हणाली, "सुशीलाबेननी. अमारे त्यां पण छे." शैला म्हणाली, "सुशीलाबेन कोण?" त्या पोरीनं खांदे उडवले. तिला ते बाईचं नाव आहे हेच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, शेगडीची जातच तसली असते.

हंसाबेननी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कढी गोड होती. दोनदा घेतली.

परतताना रिक्षात शैला म्हणाली, "तुमचं नाव निघालं नाही अण्णा. पैज तुम्ही जिंकलात. आता वाचू नका."

मी बाहेर बघत होतो. म्हणालो, "रविवारी किती वाजता बसणार तुम्ही?"

पुन्हा गोत्री

रविवारी धर्मेशभाई आले, आणखी दोघं आले. खमण आणलं होतं. धर्मेशभाई पाया पडून म्हणाले, "काका, आज तमे जज."

"जज नाही," मी म्हणालो. "कोरा कागद. विचारा हिला."

शैला लाल झाली. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. मोठ्यानं, एकेक शब्द. 'अनुषंगिक' या शब्दाला अडखळलो, दोनदा मागं जाऊन आलो, तिसऱ्यांदाही तोंडात बसेना. शैलानं पेन्सिलीनं खोडून वर 'त्यामुळे होणारे इतर नुकसान' लिहिलं. अशा पुष्कळ जागा निघाल्या. प्रत्येक वेळी मला लाज वाटायची आणि ती मात्र खूश व्हायची, असा तो उलटा कारभार.

एका ठिकाणी आलं: 'हे सॉफ्टवेअर जसे आहे तसे दिले आहे. त्याची कोणतीही हमी दिलेली नाही.' मला हंसाबेनच्या सासूचा जळका साडला दिसला. मी शैलाकडं बघितलं, ती आधीच हसत होती. बाकीच्यांना काही कळलं नाही.

त्याच्या पुढची ओळ मी त्या दिवशी वाचलीच नव्हती. पहिल्या दिवशी दुसऱ्या अटीवर कागद ठेवून मोकळा झालो होतो. ती अशी होती: 'मूळ कर्ता आणि पुढे ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्या सर्वांची नावे जशी आहेत तशी राहू द्यावीत. कोणी बदल केल्यास तो कोणी केला हे स्पष्ट लिहावे.'

मी थांबलो.

शैलाची पेन्सिल लगेच वर आली. "काय झालं अण्णा? 'हातभार' अवघड जातोय का? बदलू?"

धर्मेशभाई म्हणाले, "हातभार तो सरळ छे ने, काका?"

मी धर्मेशभाईंकडं बघून मान हलवली. पाण्याचा पेला घेतला, प्यायलो.

"अवघड नाही," मी म्हणालो. "चांगला शब्द आहे. राहू दे."

ती पेन्सिल खाली ठेवेना. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी ती ओळ परत पहिल्यापासून वाचली, न अडखळता, आणि मग कागद शेवटापर्यंत नेला. वाचून झाल्यावर धर्मेशभाईंनी खमणाची ताटली माझ्याकडं सरकवली. 'मुक्त' वरून मी जाता जाता परत एकदा भांडलो. हरलो.

कुर्डुवाडी

घरी आलो, आणि आता थंडी पडली. मी तेलाचा एक डबा आणला, पत्रा कापला, झडप बसवली. हात पूर्वीसारखा चालत नाही, पण झडप सरळ सरकते. खाली लोखंडाचे पाय जोडून घेतले. वखारीतून भुसा आणला, तो इकडंही कुणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी मागच्या दारी पेटवायला बसलो तर शेजारची शिंद्यांची सून भिंतीवरून डोकावली.

"अण्णा, हे काय नवीन? तुम्ही शोधून काढलंत?"

"झडप माझी," मी म्हणालो. "पाय बडोद्याच्या भरतचे. शेगडी सुशीलाबेनची."

"सुशीलाबेन कोण? गुजरातीण?"

"बायको माझी. सुशीला." नाव तोंडातून सरळ निघालं. "अशी वरून काय बघतेस? इकडं ये. आणि येताना घरातून लाटणं घेऊन ये, दाखवतो."